हाताएवढी जागा

हातोडा पत्र्यावर बसला आणि तिथेच अडकला.

पूल तपासायला आलेल्या साहेबांनी दांडा ओढून पाहिला. टोक आत रुतलं होतं. त्यांनी जरा हिसका दिला तेव्हा गंजाचा जाड पापुद्रा सुटला, गिरक्या घेत खाली गेला, आणि पत्र्यात मुठीएवढं भोक उरलं. भोकातून नदी दिसत होती.

"मावशी, बघितलंत हे?"

मावशी त्यांच्या मागे लाल बावटा घेऊन उभी होती. तिने बघितलं होतं. भोक कुठे पडलं हे तिला वाकून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

"बाकीचा पूल म्हातारा आहे, पण धडधाकट आहे," साहेब म्हणाले. ते तरुण होते, आणि लोखंडाबद्दल बोलताना डॉक्टरांसारखे हळू बोलायचे. "हा एकच सांधा असा कसा सडला? चारही दांडे इथे येऊन मिळतात. हा पत्रा गेला म्हणजे सगळंच गेलं की हो."

"असेल काहीतरी, साहेब."

"काहीतरी म्हणजे काय? रोज तुम्हीच असता इथे."

ते सहज बोलले होते. पण मावशीने बावटा उगाचच गुंडाळून पुन्हा उलगडला.

मावशी पुलावरची चावीवाली होती. रुळांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासत जायचं, सैल दिसली की ठोकून घट्ट करायची, हे तिचं काम. नवरा पुलाचा रंगारी होता. तो इथूनच पडून गेला, तेव्हा त्याच्या बदल्यात तिला ही नोकरी मिळाली. लेक तेव्हा पाळण्यात होती. लोक म्हणाले, ज्या पुलाने नवरा खाल्ला त्याच पुलावर रोज चालायचं, बाईचं काळीज म्हणायचं की दगड! लोकांना बोलायला काय जातं. ती मात्र पहिल्या दिवसापासून खुशीने आली होती, कारण नवरा तिथे होता.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच.

पूल बापजाद्यांच्या काळातला. नदीत दगडी खांब, खांबांवर आडव्या-तिरप्या दांड्यांच्या लोखंडी कैच्या, आणि कैच्यांना मोजता येणार नाहीत इतके रिव्हेट. ते रिव्हेट तापवून लालभडक झाले की चिमट्याने वर फेकायचे आणि वरचा माणूस पत्र्याच्या डब्यात झेलायचा, ही गोष्ट रंगाऱ्यांचे मुकादम रंगवून सांगायचे. त्यांनी ती त्यांच्या मुकादमांकडून ऐकलेली. रंगाऱ्यांची टोळी एका टोकाला सुरुवात करायची. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पोपडे सुटलेले असायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा कामात माणसाचं आयुष्य जातं आणि पूल तेवढा उभा राहतो.

या टोळीत एक रीत होती. पुलावरून माणूस पडून गेला की जिथे त्याचा हात शेवटचा टेकला होता तिथे रंग लावायचा नाही. हाताएवढी जागा सोडायची. का, तर माणूस पाण्यात पडतो, पण हात तिथेच धरून असतो. वरून रंग चढला की पकड सुटते. कुणी म्हणेल, काय हा वेडेपणा! पण म्हणणाऱ्याने आधी त्या उंचीवर दोरांना टांगलेल्या फळीवर बसून एक दिवस काढावा, मग बोलावं.

नवऱ्याचा हात कुठे होता ते मुकादमांनी दाखवलं होतं. फळीच्या दुसऱ्या टोकाला तेच होते. "इथे होता बघ," ते म्हणाले होते. "मी डबा उचलायला मान वळवली. परत पाहिलं तर नव्हता." नदीने देह परत दिला नाही. अग्नी द्यायला नाही की माती द्यायला नाही, हाती काहीच आलं नाही. तिच्या वाट्याला आली ती मधल्या कैचीच्या खालच्या सांध्यावरची ही एवढी जागा.

पुढे टोळी मोडली. ठेकेदाराची माणसं आली, रबरी हातमोजे घातलेली, यंत्राने फवारा मारणारी. त्यांना कसली रीत आणि कसलं काय! एका दुपारीत सगळी कैची राखाडी करून ती मोकळी झाली. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी रंग खरवडायची लोखंडी पत्री घेऊन सांध्यापाशी बसली, आणि हाताएवढी जागा खरवडून पुन्हा उघडी केली. तेव्हा ती रडत होती. त्यानंतर प्रत्येक रंगाच्या वेळी खरवडली, आणि पुढेपुढे रडायचीही नाही. पुलावर असे आणखी हात होते म्हणतात. पण त्यांची माणसं पांगली, म्हातारी झाली, आणि त्या जागांवर रंग चढत गेला. उघडी राहिली ती हिचीच.

थंडीच्या दिवसांत सगळा पूल गारठलेला असायचा, तेवढी जागा मात्र कोमट लागायची. गंजलेलं लोखंड तसंच लागतं, असं ती स्वतःला समजवायची. पण हात लगेच काढून घ्यायची नाही. कधीकधी वाटायचं, पलीकडून कुणीतरी धरलंय.

आणि आता तिथे भोक होतं.

नव्या पुलाचं भिजत घोंगडं कितीतरी वर्षं पडलं होतं. त्या भोकाने सगळं एकदम हललं. सांध्याला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या आवळल्या, अलीकडे-पलीकडे सावकाशचे फलक लागले, आणि नव्या कैच्या येईपर्यंत प्रत्येक गाडी पुलावर गोगलगाईसारखी चालू लागली. मधल्या कैचीवर आली की आणखी हळू. चालकाला काय माहीत, पण बघणाऱ्याला वाटावं की गाडी कुणालातरी मान देतेय. पहिल्या दिवशी मावशीलाही तसंच वाटलं, आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

मग शनिवार आला. शनिवारी तिची लेक नातीला घेऊन पलीकडच्या गावाहून यायची. लेक तिथल्या दवाखान्यात परिचारिका होती. मावशी कठड्याला लागून उभी होती, गाडी पावलापावलाने येत होती, आणि खिडकीतून नात अर्धी बाहेर येऊन हात हलवत होती.

"आजी! आजी, इकडे!"

डबा बरोबर त्या सांध्यावर होता. आवळलेल्या पट्ट्या करकरल्या. मावशीने हात वर केला, पण तो हलवायचं तिला सुचलं नाही. लेक आणि नात दर शनिवारी इथूनच जात होत्या. इतकी वर्षं जात होत्या. पट्ट्या नव्हत्या, सावकाशचा फलक नव्हता, गाडी भरधाव होती, आणि खालचा पत्रा पापडासारखा झालेला. कुणी केला? तिने केला. स्वतःच्या हाताने, पत्री घेऊन, जीव लावून.

घरी लेकीने वाढलं तरी मावशीला घास जाईना.

"आई, बरं नाही का तुला?"

"उन्हाचं होतं गं."

"काय ऊन? सकाळपासून ढग आहेत. आता सोड ती नोकरी. नवा पूल झाला की तुझं वयही झालंच. चल माझ्याकडे."

नात स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून चौकटीवरच्या पंजात हात ठेवत होती. तो पंजा आजोबांचा. पुलाच्या राखाडी रंगाचा. नवरा म्हणजे रंगाच्या बाबतीत मोठा तापट माणूस. ताज्या रंगाला कुणाचं बोट लागलं की पुलावरून ओरडायचा, "ओला आहे रंग, दिसत नाही का?" जेवणाचा डबा घेऊन गेलेल्या बायकोलाही त्याने सोडलं नव्हतं. आणि एक दिवस हेच गृहस्थ कामावरून आले ते रंगाने भरलेला हात घेऊन थेट चौकटीला टेकले. "अहो," ती म्हणाली होती, "ओला आहे रंग, दिसत नाही का?" तो हसत सुटला होता, आणि तो डाग तसाच ठेवला होता. लेकीचा हात लहानपणी त्यात बुडून जायचा. आता नातीचा बुडत होता. मावशीचा स्वतःचा हात ठेवला तर तिची बोटं त्याच्या बोटांच्या वरच्या पेरापर्यंत पोचायची, पुढे नाही.

"आजी, आजोबा केवढे होते?"

"होते की मोठे," ती म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमांकडे गेली. मुकादम आता फार थकले होते. गुडघे गेलेले, श्वासात शिट्टी वाजायची, आणि तरी दाराशी खुर्ची टाकून जुने ब्रश धुवत बसायचे. ते ब्रश आता कुठेच लागणार नव्हते. जित्याची खोड, दुसरं काय.

तिने सगळं सांगितलं. मुकादमांचे हात थांबले.

"म्हणजे तू अजून ती जागा उघडी ठेवत होतीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, की हात सुटतो म्हणून."

"सांगितलं होतं." त्यांनी ब्रश पाण्यात सोडला. "अगं, मी सांगितलं ते मला कुणी सांगितलं म्हणून. रीत कुणी काढली ते मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, एक-दोन वर्षं जातील, ठेकेदाराचा रंग चढेल, आणि तुझं दुःखही जरा झाकलं जाईल. तू पत्री घेऊन बसशील हे माझ्या डोक्यात कसं येणार?"

"पुलावर माझी पोर जाते, मुकादम. नात जाते. सगळ्यांची पोरं जातात."

"काही झालं नाही ना? मग झालं तर."

"झालं असतं."

मुकादमांनी हात पुसले, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला उघडं लोखंड बघवायचं नाही. एक ठिपका राहिला म्हणून भाकरी टाकून उठायचा. आम्ही चिडवायचो, अरे, पुलाशी लग्न लावलंयस का! आणि आपण त्याच्याच नावाने..."

पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. मावशीने त्यांना पाणी दिलं. घरी जाताना तिच्या डोक्यात खोकल्याच्या आधीचं वाक्य घुमत होतं. तिला नवऱ्याचा हात इतकी वर्षं आठवत होता, पण त्या हाताला काय आवडायचं, काय नाही, हे ती साफ विसरून गेली होती.

पुढच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला. साहेबांनी ठेकेदाराच्या रंगाऱ्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांच्या टोळीचा म्होरक्या ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. तो मान खाली घालून उभा होता, आणि एवढा उंच माणूस मान खाली घालतो तेव्हा फारच केविलवाणा दिसतो.

"रंग लावला म्हणता? मग तिथे रंगाचा कणसुद्धा कसा नाही? नेमका सांधा सोडलात तुम्ही. आता यापुढे तुमच्या टोळीला या मार्गावर काम नाही."

"साहेब, आईशप्पथ लावला होता. मी स्वतः लावला होता. चारदा लावलाय."

"तर मग तो गेला कुठे? नदी प्यायली?"

मावशी खांद्यावरचं चावी ठोकायचं हत्यार खाली ठेवून पुढे आली. नोकरी जाईल, शिक्षा होईल, लोक तोंडात शेण घालतील, हे सगळं तिला दिसत होतं. पण लंबूच्या घरी चार तोंडं होती आणि त्याने खरंच रंग लावला होता.

"त्यांनी लावला होता, साहेब. मी काढला."

"तुम्ही? का?"

तिने सांगितलं. मध्ये थांबून, पुन्हा जोडून, पण सगळं सांगितलं. ऐकताना साहेब हसले नाहीत, याचं तिला पुढे कायम अप्रूप वाटत राहिलं. त्यांनी फक्त एकदा पुलाच्या मध्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"दर वेळी काढला?"

"दर वेळी."

"मावशी, रंग म्हणजे पुलाची कातडी असते हो."

"कळलं आता मला."

ते कठड्यावर बोटं वाजवत राहिले. शेवटी लंबूकडे वळून म्हणाले, "जा. कामाला लागा." आणि मग तिला, "नव्या पुलाला पत्री लागता कामा नये. शब्द द्या मला."

"दिला, साहेब."

त्यांनी पुढे कुणाला काय कळवलं की काहीच कळवलं नाही, ते तिला कधी समजलं नाही. तिला कुणी विचारायला आलं नाही.

नव्या कैच्या तराफ्यांवर जुन्या पुलाच्या शेजारीच उभ्या राहिल्या. खांब तेच राहणार होते, दगडाला काही झालं नव्हतं. गाड्या बंद ठेवून जुन्या कैच्या एका बाजूने सरकवायच्या आणि नव्या दुसऱ्या बाजूने आणून त्यांच्या जागी बसवायच्या, असा बेत होता. बघायला सगळं गाव काठावर लोटलं. मुकादमांनाही त्यांच्या मुलाने खुर्चीसकट आणून ठेवलं होतं. जुनी मधली कैची जागची हलली तेव्हा तिने जो आवाज केला तो ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हातारे गप्प झाले. खांबांवरून पूल असा सरकला की क्षणभर वाटावं, तो आपल्या पायांनी चाललाय.

मावशी काठावरून त्या सांध्याकडे बघत होती. गर्दीतून साहेब तिच्याजवळ आले.

"तो तुकडा कापून ठेवायला सांगू का? तुमच्यासाठी?"

तिला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तुकडा म्हणजे काय, एका भोकाची कड. हात जिथे होता तिथे तर आता काहीच नव्हतं.

"नको साहेब. ते काय घरात ठेवायचं!"

जुनं लोखंड कापून नेलं. त्यानंतर तिला झोप लागेना. हात सुटेल ही भीती नेहमीचीच, पण आता त्या हातालाच जागा नव्हती. इतके दिवस नवरा कुठे आहे हे तरी माहीत होतं. आता तो कुठे धरून असेल? नव्या कैचीचा सांधा बरोबर जुन्याच्याच ठिकाणी होता, पाण्यापासून तेवढाच उंच. तिने जाता-येता तिथे हात लावून बघितला. लोखंड गार होतं. अनोळखी होतं.

शेवटचा रंग पूल बसल्यावर द्यायचा होता. लंबूची टोळी आली, आणि या वेळी यंत्राबरोबर ब्रशही घेऊन आली. काम उरकलं त्या दिवशी मावशीची नोकरीही संपत आली होती, थोडेच दिवस उरले होते. लंबू तिला शोधत आला.

"मावशी, जरा चला की माझ्याबरोबर."

त्याने तिला मधल्या कैचीपाशी नेलं आणि बाजूला झाला. सगळी कैची राखाडी चकचकीत होती, आणि खालच्या सांध्यावर हाताएवढी जागा कोरी होती. रंगाखालचं अस्तरसुद्धा नाही. नुसतं लोखंड.

"अरे, काय केलंस हे!"

"तुमची जागा सोडली."

"मी साहेबांना शब्द दिलाय रे."

"तुम्ही दिलाय, की पत्री लावणार नाही. तुम्ही कुठे लावली? आणि आम्ही तर कुणाला काही शब्द दिलेला नाही." लंबू स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसला, मग ओशाळला. "त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर आमची चूल विझली असती. दुसरं काय देणार आम्ही?"

मावशीला आनंद झाला. इतका झाला की तिची तिलाच लाज वाटली. तिने हात पुढे करून ती जागा झाकली. तेवढ्यात रूळ गुणगुणायला लागले, दोघंही कठड्याच्या आसऱ्याला सरकली, आणि शनिवारची गाडी आली. सावकाशचे फलक निघाले होते. गाडी सुसाट होती. एका खिडकीतून इवलासा हात बाहेर आला, "आजी" असं काहीतरी वाऱ्यावर फाटून गेलं, आणि डबे संपले. पूल जागचा हलला नाही.

मावशी गाडी गेलेल्या दिशेने बघत राहिली.

"लंबू, अस्तराचा डबा आहे का रे खाली? आणि राखाडी रंग, ब्रश दे."

"मावशी..."

"दे म्हणते ना."

त्याने सगळं आणून दिलं. हातमोजे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. "हात सुटेल ना पण त्यांचा," तो हळूच म्हणाला. रीत त्यालाही आता पाठ झाली होती.

"तू जा. उशीर होईल तुला. पलीकडे गाडी भरून उभी आहे तुमची."

टोळी सामान घेऊन गेली. मावशीने आधी जागा कोरड्या फडक्याने पुसली, मग तांबडं अस्तर लावलं. ते सुकेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग राखाडी रंग. नवरा सांगायचा तसा, आधी रिव्हेटांच्या भोवतीने, मग कडा, मग मधला भाग, आणि ब्रश शेवटी एकाच दिशेने. सूर्य कलला होता.

"इतकी वर्षं धरून ठेवलंत," ती ब्रश फिरवत म्हणाली. "हात भरून आला असेल. मीच सोडू दिलं नाही तुम्हाला. आता सोडा."

शेवटचा कोरा ठिपका झाकला गेला. कुठे काही राहिलं नाही हे तिने तिरकं होऊन उजेडात बघितलं. मग ब्रश डब्यात उभा केला आणि ती कान देऊन उभी राहिली. खाली काहीतरी पडल्याचा आवाज येईल असं तिला वाटत होतं. नदी नेहमीसारखी खांबांना घासून जात होती. अंधारून आलं, समोरच्या काठावरचे दिवे लागले, तरी आवाज आला नाही. मग ती घरी गेली आणि लेक-नात झोपल्यावर पोटभर रडली, पहिल्या वेळी रडली होती तशी.

सकाळी धुकं होतं. धुक्याच्या दिवशी चावीवाल्याने लवकर निघायचं असतं. तिने हत्यार खांद्यावर घेतलं आणि पूल धरला. नव्या पुलावर ठोकायला काही फारसं नव्हतं, सगळं घट्ट, सगळं जागच्या जागी. तरी ती सवयीने प्रत्येक जोडापाशी थांबत गेली. मधल्या कैचीपाशी थांबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती थांबली.

कालच्या रंगावर पंजा उमटला होता.

पाचही बोटं स्पष्ट होती. कुणीतरी भार देऊन टेकावं तसा तळवा खोल गेला होता. रंग कुठे खरवडला नव्हता, लोखंड कुठे उघडं पडलं नव्हतं. तिने वाकून नीट पाहिलं, कारण उघडं लोखंड म्हणजे काय ते आता तिला कळत होतं. पंजाच्या खालीही रंग होता, अखंड.

तिने हत्यार खाली ठेवलं. पुलाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. दोन्हीकडे पांढरं धुकं होतं, माणूस नव्हतं. तिने आपला हात हळूच त्या पंजात ठेवला. तिची बोटं वरच्या पेरापर्यंत पोचली, पुढे नाही. जागा कोमट होती.

रूळ गुणगुणू लागले. ती आसऱ्याला सरकली. पहिली गाडी धुक्यातून आली, दिवा लावलेली, भरलेली, आणि वेग कमी न करता निघून गेली. मावशी रंगाने भरलेला हात कपड्यांपासून लांब धरून उभी होती. गाडीचा आवाज पलीकडच्या काठावर विरला, खाली पाणी वाहताना पुन्हा ऐकू यायला लागलं, आणि पंजा होता तिथेच होता.

"अहो," ती म्हणाली, "ओला आहे रंग. दिसत नाही का?"